परदेशातल्या वंचित मुलांच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यातल्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. निवृत्तीनंतर काठमांडू खोऱ्यातल्या एका शाळेत उन्हाळ्यात जाऊन काम करते. तेव्हापासून नौपाड्यातल्या शेजाऱ्यांपासून ऐरोली-नेरूळच्या आयटीवाल्या पोरांपर्यंत सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. माझा अनुभव मुख्यतः नेपाळचा, त्यामुळे उत्तरंही तिकडेच झुकलेली आहेत.

नेपाळच का? आफ्रिका, कंबोडिया का नाही?

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. पण पहिल्या खेपेला नेपाळ सोपं पडतं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, लिपी देवनागरी आहे आणि काही बिनसलं तर घरी परतणं अवघड नाही. आफ्रिकेत यातलं काहीच नाही, शिवाय प्रवासखर्च कितीतरी जास्त. ‘परदेश’ म्हटल्यावर नेपाळचं नाव ऐकून काहींचा चेहरा पडतो, हे मी पाहिलंय. तो पडत असेल तर आपण नेमकं कशासाठी जातोय, हे एकदा स्वतःला विचारावं.

दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे मोकळे आहेत. तेव्हा जाऊ का?

नको. आपली दिवाळी तेव्हाच त्यांचा तिहार. त्याच्या आधी दसैं, म्हणजे आपलं नवरात्र-दसरा, आणि तो तर त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण. त्या दिवसांत शाळांना कुलूप असतं, मुलं गावी गेलेली असतात. बॅग घेऊन पोहोचाल आणि स्वागताला फक्त शाळेचा पहारेकरी असेल.

मे महिना मात्र छान जुळतो. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, साधारण एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. आपल्या शाळा-कॉलेजांना सुट्टी लागते तेव्हा तिथं वर्ग नुकते बसलेले असतात, पुस्तकं नवी असतात आणि कोण मूल मागे आहे हे शिक्षकांच्या लक्षात येऊ लागलेलं असतं. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आधी शाळेला विचारावं, कारण थंडीत डोंगराळ भागातल्या शाळा बंद असतात.

तारखा ठरवताना आणखी एक घोळ होतो. शाळेचं सगळं वेळापत्रक विक्रम संवतावर चालतं. महिने आपल्या ओळखीचे, पण ते सौर असतात आणि एखादा ३२ दिवसांचाही असतो. ‘जेठच्या १० तारखेला या’ म्हणजे आपल्या कालनिर्णयातली ज्येष्ठ दशमी नव्हे. इंग्रजी तारीख लिहूनच मागा. आठवड्याची सुट्टी पूर्वापार शनिवारची, आणि घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे.

किमान किती दिवस जावं?

वर्गात शिकवायचं असेल तर एक महिना, हे माझं मत. पहिला आठवडा नावं पाठ होण्यात जातो. दुसऱ्यात मुलं तुमची मस्ती करून अंदाज घेतात. खरं काम तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं. ज्यांच्याकडे दहा-बारा दिवसच आहेत त्यांनी शिकवण्याचा हट्ट सोडावा. वाचनालय लावून देणं, संगणक दुरुस्त करणं, शाळेचे हिशेब एक्सेलमध्ये बसवून देणं, शिक्षकांसाठी छोटं प्रशिक्षण घेणं ही कामं कमी दिवसांत होतात आणि तुम्ही परत आलात तरी टिकतात. गेल्या वर्षी घणसोलीच्या एका मुलानं शाळेचे बंद पडलेले संगणक चालू करून दिले आणि विज्ञानाच्या सरांना ते सांभाळायला शिकवलं. एकही तास न घेता!

मला शिकवायचा अनुभव नाही. चालेल का?

चालेल, पण मुख्य शिक्षक म्हणून नव्हे. स्वतःच्या मुलाच्या शाळेत विनाअनुभव माणूस तास घेतोय असं कळलं तर तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसाल की नाही? मग तिथल्या मुलांनी का चालवून घ्यावं? शिक्षकांच्या हाताखाली काम करा. त्यांनी मागितलं तेवढंच द्या.

वर्गात नक्की करायचं काय?

नेपाळमध्ये सरकारी शाळांना सामुदायिक विद्यालय म्हणतात. खासगी शाळांना लोक सरसकट ‘बोर्डिङ’ म्हणतात, मुलं तिथं राहत नसली तरी. ऐपत असलेली मुलं बोर्डिङला जातात आणि उरतात ती सामुदायिक शाळेत. म्हणजे आपल्याकडे जे जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांचं झालं तेच. पट टिकवण्यासाठी अनेक सामुदायिक शाळांनी इंग्रजी माध्यम सुरू केलं. शिक्षक मात्र आयुष्यभर नेपाळीत शिकवत आलेले.

याचा परिणाम वर्गात बसलं की लगेच दिसतो. चौथीतला एक मुलगा शेतकऱ्यावरचा इंग्रजी धडा घडाघडा वाचत होता, एकही अडखळ नाही. मी चित्रावर बोट ठेवून विचारलं, यात नांगर कुठला? त्यानं बैल दाखवला. नेपाळीत ‘हलो’ कुठे आहे विचारलं तेव्हा मात्र क्षणात बोट नांगरावर गेलं, आणि त्यांच्या घरचा कसा मोडला तेही सांगून टाकलं. मुलाला नांगर माहीत होता, धडा पाठ होता, दोघांची भेट झालेली नव्हती.

अशा वर्गात तुमच्या अस्खलित इंग्रजीचा उपयोग फार थोडा. उपयोग होतो तो चार-पाच मुलांचा गट घेऊन कोपऱ्यात बसण्याचा. धड्यातल्या वस्तू दाखवा, चित्रं काढून घ्या, नेपाळी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द लिहून घ्या. आणि तासाआधी दहा मिनिटं शिक्षकांबरोबर बसून पुढचा धडा वाचा. त्यांना उच्चाराची शंका असते, पण मुलांसमोर विचारायची लाज वाटते. ती शंका स्टाफरूममध्ये मिटली की पुढची कित्येक वर्षं मिटते. मुलांसमोर शिक्षकांची चूक कधीही दुरुस्त करू नका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, तरी एखादा करतोच.

नेपाळी येत नाही. हिंदीवर निभेल का?

काठमांडूत आणि तराईत, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट भागात, निभतं. तरी जाण्याआधी थोडं नेपाळी शिकून घ्या. त्यासाठी ॲप शोधायची गरज नाही, बहुतेकांच्या सोसायटीतच शिक्षक आहेत. ठाण्या-नवी मुंबईत पहाऱ्याचं, हॉटेलातलं काम करणारी अनेक कुटुंबं नेपाळच्या सुदूर-पश्चिम भागातली आहेत. त्यांच्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवा आणि बदल्यात नेपाळी शिका. दोघांचाही फायदा. तिकडे वर्गात ‘मुंबई’ म्हटल्यावर एखादं मूल हमखास सांगतं की बाबा तिकडेच कामाला आहेत.

वाचायला फारसा त्रास होत नाही. फळ्यावर लिहिताना मात्र आपला मराठी वळणाचा ल आणि श तिथल्या लहान मुलांना चटकन कळत नाही. त्यांच्या झ, ५ आणि ८ चं वळणही वेगळं आहे. पहिलीच्या पाठ्यपुस्तकात बघून गिरवून घ्या. ळ त्यांच्याकडे नाहीच, त्यामुळे ज्यांच्या आडनावात ळ आहे त्यांची रोज गंमत होईल.

मोठ्या मुलांना भाइ-बहिनी, शिक्षकांना सर-मिस, शाळेत जेवण करणाऱ्या बाईंना दिदी. ‘तपाईं’ म्हणजे आपलं आदराचं तुम्ही. मोठ्यांशी बोलताना ते सोडू नका.

अनाथाश्रमात काम करायला आवडेल. तशी जागा सुचवाल का?

नाही. आणि या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात आहेत. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल जातात, शहरात चांगल्या शाळेत घालतो असं सांगून आईबापांकडून पैसे घेतात आणि मुलांना काठमांडू-पोखऱ्याच्या ‘आश्रमात’ आणून सोडतात. कागदोपत्री मूल अनाथ होतं. मग परदेशी पाहुणे येतात, रडतात, देणग्या देतात. जितकी मुलं दीनवाणी दिसतील तितकी देणगी वाढते, म्हणून काही ठिकाणी मुलांना मुद्दाम तसं ठेवलं जातं. सगळे आश्रम असे नसतात हे खरं, पण बाहेरून आलेल्या माणसाला पंधरा दिवसांत फरक ओळखता येत नाही. युनिसेफनं याच कारणासाठी परदेशी स्वयंसेवकांना सावध केलं आहे, आणि ‘मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत’ ही मोहीम कंबोडियातून निघाली तीही याचसाठी.

दुसरा मुद्दा मायेचा. दर महिन्याला नवी ताई, नवा दादा येऊन जीव लावतो आणि निघून जातो. लहान मुलाला हे किती वेळा सोसवेल? दिवसा भरणाऱ्या शाळेत मूल संध्याकाळी घरी जातं, त्याचं माणूस घरी असतं. म्हणून शाळाच निवडा. जी संस्था तुमची पार्श्वभूमी न तपासता पहिल्याच दिवशी मुलांच्या झोपायच्या खोलीपर्यंत नेते, तिथून उलट्या पावली परत या.

संस्था आठवड्याचे काही हजार रुपये मागतेय. फुकट काम करायचं आणि वर पैसेही द्यायचे?

राहण्या-जेवणाचे पैसे देणं रास्तच आहे. तुमच्या भात-डाळीचा भार शाळेनं का उचलावा? प्रश्न रकमेचा नाही, हिशेबाचा आहे. एवढंच विचारा: यातले किती घरमालकाला, किती शाळेला, किती कार्यालयाला? नीट उत्तर आलं तर पैसे द्या. ‘सगळं मुलांसाठीच असतं हो’ असं गोड उत्तर आलं तर थांबा. शक्य असेल तर मधली संस्था टाळून थेट शाळेशी बोला.

पासपोर्ट नाही. आधारवर जाता येईल का?

विमानानं जायचं तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. प्रौढ माणसाला नुसत्या आधारवर विमानात बसू देत नाहीत. ६५ वर्षांवरच्यांना कागदपत्रांत सवलत आहे, तरी माझा सल्ला पासपोर्टचाच. ठाणेकरांचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. रेल्वेनंही जाता येतं: कुर्ल्याच्या टर्मिनसवरून गोरखपूर, तिथून सोनौलीची सीमा, पुढे बस. स्वस्त, पण अंग मोडून निघतं. तिशीच्या आतल्यांनीच करावं.

मुलगा अमेरिकन नागरिक आहे, ओसीआय कार्ड आहे. तोही सुट्टीत बरोबर येईल म्हणतो.

त्याला व्हिसा लागेल. ओसीआय कार्ड भारतापुरतं, नेपाळला त्याचं काही देणंघेणं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे नेपाळच्या पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही. ‘सगळे तसेच करतात’ हे उत्तर इमिग्रेशनच्या काउंटरवर उपयोगी पडत नाही. तो फिरायला येऊ दे, शिकवायला नको.

हाच नियम थोड्याफार फरकानं इतर देशांतही आहे. टांझानियात तर स्वयंसेवकांसाठी क वर्गाचा वेगळा निवास परवाना लागतो.

केनियाचं नक्की केलंय. लसींचं काय?

केनिया, युगांडा या देशांतून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून काही होत नाही. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते, २०१६ पासून तसा नियम आहे. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या सरकारी केंद्रांवरच मिळते, मुंबईत जे. जे. रुग्णालय त्यातलं एक. मूळ पासपोर्ट बरोबर न्या. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा साठी ओलांडली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

नेपाळसाठी सक्तीची लस नाही. टायफॉइड, कावीळ अ आणि धनुर्वात यांबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. भटकी कुत्री भरपूर आहेत, त्यामुळे रेबीजबद्दलही विचारा. कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. काठमांडूत टेकूचं सरकारी रुग्णालय त्यासाठीच ओळखलं जातं.

पोलिसांचा दाखला खरंच लागतो?

चांगली शाळा मागते. मागत नसेल तरी तुम्ही द्या.

यात एक गोंधळ नेहमी होतो. पासपोर्ट कार्यालयाचा पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) हा परदेशी नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर यांसाठी असतो, पर्यटक व्हिसावर जाणाऱ्याला तो मिळत नाही. नेपाळला तर व्हिसाच नसतो. तेव्हा महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढा. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी हे ठाणे आयुक्तालयात येतं. वाशीपासून पनवेल-उरणपर्यंत नवी मुंबई आयुक्तालय. अर्ज चुकीच्या आयुक्तालयात टाकला की तो फिरत बसतो, हे दिघा-ऐरोलीकरांनी विशेष लक्षात ठेवावं: जिल्हा ठाणे असला तरी आयुक्तालय नवी मुंबई.

जाताना वह्या, पेन्सिली, जुने कपडे नेऊ का?

जुने कपडे अजिबात नकोत. वह्या-पेन्सिली तिथंच विकत घ्या, तिथल्या दुकानदाराचाही धंदा होऊ दे. त्यातही मुलांच्या हातात वाटू नका, मुख्याध्यापकांकडे द्या. नाहीतर पुढच्या पाहुण्याच्या बॅगेकडे मुलं आशेनं बघू लागतात, आणि ते बघवत नाही. नेपाळी भाषेतली गोष्टींची पुस्तकं काठमांडूत मिळतात. इंग्रजी पुस्तकांपेक्षा त्यांच्यावर मुलं जास्त तुटून पडतात.

मुलांबरोबरचे फोटो टाकले तर चालतात ना?

नाही.

अगदीच हवा असेल तर फळ्याचा काढा, डोंगराचा काढा. चेहरा, शाळेचं नाव आणि गाव एकत्र बाहेर जाता कामा नये. पालकांची लेखी परवानगी आणि शाळेची हरकत नसणं, दोन्ही असल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.

राहायचं, खायचं कसं? मी शाकाहारी आहे.

शाकाहाऱ्यांची गैरसोय होत नाही. दोन वेळा डाळ-भात, भाजी, लोणचं. सकाळचा भात नऊ-साडेनऊलाच खाऊन घेतात, कारण शाळा बहुधा दहाला भरते. आपल्याला तेव्हा चहा-पोहे हवे असतात, चार दिवस जड जातं. लहान वर्गांना शाळेत ‘दिवा खाजा’ मिळतो, म्हणजे आपली खिचडी. शिक्षक म्हणाले तरच त्यात बसा. पाणी उकळलेलंच प्या.

शिक्षकांच्या ओळखीच्या कुटुंबात खोली घेतली तर सगळ्यांत बरं. थामेलच्या हॉटेलात राहून रोज टॅक्सीनं शाळेत येणाऱ्याला मुलं पाहुणाच समजतात.

पैसे बदलताना भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६०, हा दर अनेक वर्षं बांधलेला आहे. शंभराच्या नोटा जास्त न्या. २०२४ पासून बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर आपलं यूपीआयही चालतं.

सुरक्षित आहे का? मुलगी एकटी जाणार आहे.

रोजच्या व्यवहारात मला ठाण्याइतकंच सुरक्षित वाटलं. एकट्या मुलीसाठी कुटुंबात राहणं आणि अंधाराआधी घरी येणं, एवढं पुरे. पण देश शांत असतो तेव्हा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं तेव्हा काठमांडूचा विमानतळ बंद झाला आणि अनेक भारतीय अडकून पडले. २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप तर सगळ्यांना आठवतोच. म्हणून लैनचौरच्या भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, प्रवास विमा निघण्याआधी इथूनच काढा, आठवडाभर पुरेल इतकी रोकड आणि औषधं जवळ ठेवा. वर्गात पहिल्याच दिवशी विचारा की जमीन हलली तर मुलं कुठे जमतात. मुलांना ते तोंडपाठ असतं, तुम्हालाही हवं.

परदेशी शाळेला दिलेल्या देणगीवर आयकरात ८०जीची सवलत मिळते का?

मिळत नाही.

एवढं लांब कशाला? आपल्याकडे काम कमी आहे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा टोमणा म्हणून येतो, पण त्याचं उत्तर खरं आहे. आपल्याकडे काम ढिगानं आहे. तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेनं सिग्नल शाळा सुरू केली. गाडीच्या काचेवर टकटक करून गजरे विकणारी मुलं तिथं शिकायला लागली. दिघ्या-तुर्भ्याच्या दगडखाणींजवळच्या वस्त्या आहेत, भिवंडीच्या आसपास वीटभट्ट्या आहेत, शहापूर-मुरबाडला आश्रमशाळा आहेत.

म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी एक अट घालते: आधी तीन महिने इथल्या अशा एखाद्या शाळेत दर आठवड्याला जा. पावसात, लोकल बंद असताना, कंटाळा आला असतानासुद्धा. जे टिकतात त्यांना मी पुढचा पत्ता देते. यातले बरेच जण नंतर नेपाळला जातच नाहीत, इथंच रमतात. मला चालतं.

ठरलं. आता शाळेला पहिलं पत्र काय लिहू?

किमान चार महिने आधी लिहा, म्हणजे मे महिन्यासाठी जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ध्या पानापेक्षा मोठं नको. तुम्ही काय करता, कुठली भाषा येते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता, राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः कराल का, आणि इथल्या कुठल्या शाळेत काम केलंय हे लिहा. ओळख देणाऱ्या दोन माणसांचे फोन द्या. ‘मुलांच्या चेहऱ्यावर हसू फुलवायचंय’ वगैरे लिहू नका, अशी पत्रं त्यांना रोज येतात. शेवटी एकच प्रश्न विचारा: या काळात तुम्हाला कशाची मदत लागेल? उत्तर ‘सध्या नको’ असं आलं तर आभार मानून पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.